शेवटची साडेचार अंगुळं

पोरी, बंधपत्राचं वर्ष ताडकळसच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काढतेयस आणि पुढे सर्जरीच करायची म्हणतेस, तर काकाचं थोडं ऐकून ठेव. माझं आयुष्य गुदाशयाच्या कर्करोगाची ऑपरेशनं करण्यात गेलं. मी सांगतोय त्यातलं पुस्तकात नाही असं काही नाही. पण तिथे हाडं एका प्रकरणात, स्नायू दुसऱ्यात आणि नसा तिसऱ्यात असतात. टेबलावर मात्र माणूस अख्खा झोपलेला असतो.

आधी बोटाचं बोलू. पूर्णा तालुक्यातला शेतकरी तुझ्यासमोर बसून "मॅडम, मुळव्याध हाय" एवढंच सांगेल. रगत पडतं, आव पडते, सारखं जावं वाटतं आणि जाऊन आलं तरी मोकळं वाटत नाही, हे तू खोदून विचारलंस तरच बाहेर येईल. तुझ्याकडे यायच्या आधी त्याने शर्तिया इलाजाच्या पाट्या पालथ्या घातलेल्या असतात, मेडिकलवाल्याची मलमं संपवलेली असतात. बोट घालून तपासल्याशिवाय तू आणखी एक मलम लिहू नकोस. आणि वय बघून फसू नकोस. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून २०१७ मध्ये मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात सरासरी वय पन्नाशीच्या आत निघालं. विलायती पुस्तकांतला रुग्ण साठी-सत्तरीचा असतो. तुझ्या बाकावर पस्तिशीचा ट्रॅक्टरवाला बसलेला असेल.

तू बाई माणूस, तो बाप्या. तो लाजेलच. तू लाजलीस की मात्र संपलं. वॉर्डबॉयला जवळ उभं कर, दार लोटून घे, सोबत आलेल्या पोराला बाहेर बसव आणि काय करणार ते आधी सांग: "मामा, बोटानं तपासावं लागतंय. संडासला आल्यासारखं वाटेल, घाबरू नका." एवढं शांतपणे सांगितलं की बहुतेक जण मुकाट कुशीवर वळतात. डावी कूस, गुडघे पोटाशी. जेली लावलेलं बोट गुदद्वारावर टेकवून थांब. ढकलू नकोस. स्नायू स्वतःच ढिला पडतो, तेव्हा आत जा.

आता बोटाला काय लागतं ते नीट लक्षात ठेव, कारण पुढची सगळी सर्जरी याच्यावर उभी आहे. सुरुवातीला जी पकड लागते ती दोन स्नायूंची असते. आतला आपोआप आवळलेला असतो, माणसाच्या इच्छेला तो विचारत नाही. बाहेरचा त्याच्या हुकमातला. "मामा, संडास आवरून धरता तसं आवळा," असं म्हटलंस की घट्ट होतो तो हा बाहेरचा. पण खरी खूण त्याच्याही वर आहे. बोट आणखी आत सरकव आणि मागच्या बाजूला वळव. तिथे एक जाड पट्टा लागेल, आणि माणूस आवळेल तेव्हा तो पट्टा तुझ्या बोटाला मागून पुढे ओढेल. हा प्युबोरेक्टॅलिस. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून पाखरं हाणताना गोफणीची दोन्ही टोकं हातात असतात आणि दगड झोळीत बसलेला असतो, तशी याची दोन्ही टोकं पुढे जघनास्थीला बांधलेली आणि झोळीत गुदाशयाचा मोड धरलेला. त्या मोडामुळेच माणूस शौच धरून ठेवू शकतो. "आता कुंथा" म्हण. पट्टा सैल पडला पाहिजे. उकिडवं बसल्यावर पोट लवकर साफ होतं त्याचंही कारण हेच: मांड्या पोटाशी आल्या की हा कोन सरळ होतो.

सुश्रुताने गुदाची लांबी साडेचार अंगुळं सांगितली आहे आणि आत तीन वळ्या: प्रवाहणी, विसर्जनी, संवरणी. एक ढकलणारी, एक सोडणारी, एक मिटणारी. आजच्या स्नायूंशी त्यांच्या जोड्या जुळवत बसायचा हट्ट मी धरत नाही. पण ते माप तुझ्या तर्जनीच्या पोचेच्या आसपास भरतं, आणि कर्करोगाच्या ऑपरेशनातला खरा झगडा याच टापूत होतो. गाठ वर असली तर आतडं कापून जोडणं हे बऱ्याच जणांना जमतं. खाली असली की माणसाची संडासची वाट राहणार की पोटावर पिशवी येणार, लघवी नीट होणार का, संसार पूर्वीसारखा चालणार का, हे सगळं इथेच ठरतं.

म्हणून चिठ्ठीवर "पुढील उपचारासाठी पाठवत आहे" एवढं खरडून मोकळी होऊ नकोस. गाठीची खालची कड गुदद्वारापासून किती सेंटिमीटरवर आहे, गाठ पुढे आहे की मागे की कडेला, बोटाने हलते की हाडाला नाहीतर प्रोस्टेटला चिकटून बसलीय, गाठ आणि त्या पट्ट्यामध्ये मोकळी जागा लागते का, आणि आवळायला सांगितल्यावर जोर कितपत आहे, हे लिही. एमआरआय हवाच, तो गाठ स्नायूत शिरलीय का हे तुझ्या बोटापेक्षा नीट दाखवतो. पण एमआरआयमधला माणूस निपचित पडलेला असतो. पकड किती आहे ते जिवंत बोटालाच कळतं, आणि रेडिएशन सुरू व्हायच्या आधीची ही नोंद नंतर कितीही पैसे टाकून मिळत नाही. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण मेडिकल कॉलेज आहे, संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, परळला टाटा आहे. जाईल तिथे जाऊ दे. फक्त महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड आणि आधार सोबत दे, नाहीतर एका झेरॉक्ससाठी त्याला रात्रीच्या गाडीने उलटं पूर्ण्याला यावं लागेल.

आता तू सर्जन झालीस असं धरून बोलतो.

पोटातून खाली उतरत तू ज्या तळावर येशील तो लेव्हेटर. प्युबोरेक्टॅलिस ही त्याची आतली कड. बाकीचे पदर तिथून दोन्ही बाजूंनी वर चढत ओटीपोटाच्या भिंतीला आणि मागे माकडहाडाला लागतात. पोटातल्या सगळ्याचा भार या पातळ स्नायूवर असतो. पुरुषात त्यातून दोनच वाटा खाली जातात: पुढे मूत्रमार्ग, मागे गुदमार्ग. बाईमध्ये मधे योनीमार्ग असतो, त्यामुळे सर्जनला हाताला थोडी जागा मिळते आणि गाठ व मूत्रमार्ग यांच्यात एक भिंत जास्त मिळते. पुरुषात ती भिंत नाही. वर हाडांची अडचण: दोन्ही बाजूंची हाडं जवळ, पुढचा कोन चिंचोळा, त्रिकास्थी लांब आणि समोर प्रोस्टेट ठाण मांडून बसलेली. जाड, बुटका, अरुंद हाडाचा पुरुष टेबलावर आला की मी असिस्टंटला आधीच सांगायचो, आज घाई नाही. कपाळावरचा दिवा आणि ओठ असलेला खोल सेंट मार्क्स रिट्रॅक्टर मागून घे, मग हात घाल. रोबोटचं कौतुक तू ऐकशीलच. त्याची लॅप्रोस्कोपीशी तुलना करणारी रोलार चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पोट उघडावं लागण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत एकंदर निर्णायक फरक दिसला नाही. अरुंद पुरुषी ओटीपोटात त्याचा उपयोग असू शकतो, हे मान्य. पण ज्याला थर ओळखता येत नाही त्याला रोबोट ओळखून देत नाही.

थर कुठला? इंग्लंडमध्ये बेसिंगस्टोकला बिल हील्ड नावाच्या सर्जनने १९८२ मध्ये मांडलं की गुदाशयाभोवतीची चरबी, म्हणजे मेसोरेक्टम, तिच्या वेष्टनासकट अखंड काढली तर रोग जागच्या जागी उलटण्याचं प्रमाण पुष्कळ खाली येतं. त्या वेष्टनाच्या बाहेर पांढरी विरळ जाळी दिसते. ओढ दिली की ती ताणते, आणि त्या ताणावर धारेनेच कापत जायचं. बोटांनी फाडत जायचं नाही. जुनी पद्धत हात घालून सोडवण्याची होती. त्यात मेसोरेक्टम फाटायचा, त्रिकास्थीपुढच्या शिरा सुटायच्या आणि ते रक्त थांबवताना भल्याभल्यांना घाम फुटायचा. मागून उतरताना त्रिकास्थीच्या चौथ्या मणक्याच्या आसपास एक घट्ट पडदा आडवा येतो. तो दिसला की कापायचा. तो न कापता जोर केलास तर तू एकतर शिरांत शिरशील नाहीतर मेसोरेक्टममध्ये.

क्रम माझा असा: आधी मागे, मग दोन्ही बाजू, सगळ्यात शेवटी पुढे. मागे जागा मोकळी असते, तिथे थर हाताला लागतो, मग तोच थर धरून बाजूला वळता येतं. पुढे सुरुवात केली तर पुरुषात तू पहिल्याच घासाला प्रोस्टेटशी भांडत बसशील.

नसांचं बोलतो, इथे जरा थांब. त्रिकास्थीच्या वरच्या कडेवरून डावी-उजवीकडे एकेक हायपोगॅस्ट्रिक नस उतरते. वीर्य बाहेर पडणं तिच्या हाती. ती दुखावली तर संबंध येतो, पण वीर्य बाहेर येत नाही. त्रिकास्थीच्या छिद्रांतून, दुसऱ्या ते चौथ्या, येणाऱ्या नसांवर लिंगाची ताठरता आणि मूत्राशय रिकामं होणं अवलंबून. या दोन्हींचं मिळून ओटीपोटाच्या कडेच्या भिंतीवर, शुक्रपिशव्यांच्या बाहेरच्या अंगाला एक जाळं होतं, आणि तिथून निघालेला जुडगा प्रोस्टेटच्या मागच्या कडेने, गुदाशय मधोमध धरला तर घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागी, खाली जातो. बाल्टिमोरच्या पॅट्रिक वॉल्शने हा जुडगा सांभाळून प्रोस्टेट काढली तेही १९८२ सालीच. गुदाशय तू एका बाजूला जोरात खेचलास की हे जाळंही सोबत ओढलं जातं आणि तुझ्या कात्रीच्या रेषेत येऊन बसतं. असिस्टंट जोर दाखवायला लागला की हात धर त्याचा.

पुढच्या बाजूला शुक्रपिशव्या दिसल्या की त्यांच्या मागे एक चकचकीत पडदा असतो, डेनॉनव्हिलियेचा. त्या फ्रेंच माणसाने तो १८३६ मध्ये दाखवला. गाठ मागे किंवा कडेला असेल तर शक्यतो त्या पडद्याच्या मागूनच उतर, जुडगा त्याच्या पुढे आणि कडेला सुरक्षित राहतो. गाठ पुढच्या भिंतीवर असेल तर पडदा गाठीसोबत काढायला लागतो, आणि त्याची किंमत नसांना मोजावी लागते. मोजायची. कर्करोग मागे ठेवून ताठरता वाचवण्यात अर्थ नाही. पण ही किंमत त्या माणसाला आधी माहीत असली पाहिजे.

म्हणून विचार. ऑपरेशनआधी, एकट्याला, पोरासमोर नाही आणि सुनेसमोर तर नाहीच. घरच्यांशी संबंध येतो का, ताठरपणा राहतो का, लघवीला रात्री किती वेळा उठता, धार कशी आहे. गावाकडचा माणूस आपणहून हे कधीच बोलणार नाही, पण डॉक्टरने विचारलं तर सरळ सांगतो. त्याला कुणीतरी विचारायचीच वाट असते. साखरेच्या रुग्णाची ताठरता बरेचदा आधीच गेलेली असते, ते केसपेपरवर असू दे. लग्न व्हायचं असेल किंवा मूल हवं असेल तर रेडिएशनच्या आधी वीर्य गोठवून ठेवायची सोय कुठे आहे ते बघ. रेडिएशन सुरू झाल्यावर हे आठवून उपयोग नाही.

आणखी एक नस आहे, तिच्याकडे आमच्या पिढीचं लक्षच नव्हतं. लेव्हेटरची स्वतःची नस. बाहेरच्या आवळणीच्या स्नायूची प्युडेंडल नस खालून, हाडाच्या आडोशाने येते, ती सहसा बचावते. लेव्हेटरची नस मात्र त्याच्या वरच्या पृष्ठावर, तुझ्या कात्रीच्या वाटेवर उघडी पडलेली असते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००८ मध्ये मृतदेहांवर हेच ऑपरेशन करून दाखवलं की तळाशी ही नस दुखावू शकते, आणि नंतर शौच-लघवी न आवरण्याचं ते एक कारण असू शकतं. तळाला पोचलीस की लेव्हेटर खरवडू नकोस. स्नायूचा लालसर रंग दिसला, त्यावरचं पातळ अस्तर शाबूत दिसलं, की तिथून आत वळ.

गाठ स्नायूतच शिरली असेल तर वाट वेगळी. लंडनच्या अर्नेस्ट माइल्सने १९०८ मध्ये पोटातून आणि खालून असं दोन्हीकडून गुदाशय काढून कायमची पिशवी द्यायची पद्धत मांडली. पुढे ती जशी रूढ झाली, त्यात एक खोट शिरली. मेसोरेक्टम तळाशी येता येता निमुळता होत संपतो. सर्जन तो थर धरून प्युबोरेक्टॅलिसपर्यंत येतो, मग खालून दुसरा जण वर येतो, आणि काढलेल्या तुकड्याला नेमकी तिथेच बारीक कंबर पडते. गाठ त्या कंबरेत असली तर कापल्या कडेवर कर्करोग सापडतो, नाहीतर आतडंच फुटतं. स्टॉकहोमच्या टॉर्बयॉर्न होल्मने २००७ मध्ये रुग्णाला पालथं करून लेव्हेटर भिंतीपासूनच सोडवून सोबत काढायचं तंत्र प्रसिद्ध केलं. कंबर राहत नाही. पण खाली मोठा खड्डा राहतो आणि रेडिएशन झालेल्या कातडीची ती जखम महिनोन्‌महिने छळते. माझं मत, सगळ्यांना हे करू नये. लेव्हेटर धोक्यात आहे त्यालाच, आणि ज्या बाजूला धोका त्या बाजूला जास्त रुंद.

खालून करताना पुरुषाच्या मूत्रमार्गाची धास्ती ठेव. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचे स्नायूतंतू मूत्रमार्गाच्या बाजूला जाऊन चिकटतात, तिथे सरळ असा थर नसतोच. पेरिनियमचा आडवा स्नायू दिसला की त्याच्या मागे राहा. दर दोन मिनिटांनी बोटाने कॅथेटर चाचप; ते कुठे आहे हे माहीत नसताना पुढे एक टाकाही घालू नकोस आणि एक छेदही देऊ नकोस. ही शेवटची दोन सेंटिमीटरं सर्वांत उशिरा, दोन्ही बाजू सोडवून झाल्यावर, गाठीचा तुकडा बाहेर ओढून घेऊन मग सोडव.

पिशवीची जागा ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ठरव, टेबलावर भूल दिल्यावर नाही. झोपलेल्या पोटावर सगळ्याच जागा चांगल्या दिसतात. त्याला उभा कर, मांडी घालून बसव, उकिडवा बसव, वाकून खुरपल्यासारखं करायला लाव. धोतर कुठे बांधतो, पायजम्याची नाडी कुठे येते, फवारणीचा पंप पाठीला लावला की पट्टा कुठून जातो, ते बघ. वळी पडते तिथे नको, नाडीवर नको. त्याला स्वतःला खाली बघून ती जागा दिसली पाहिजे, नाहीतर पिशवी बदलायला जन्मभर बायको लागेल. मग न पुसणाऱ्या पेनने खूण कर.

जोड खाली केली असेल तर पुरुषात ती गळण्याचा धोका बायकांपेक्षा जास्त, म्हणून बहुधा लहान आतड्याची तात्पुरती पिशवी दिलेली असते. ती बंद व्हायची वाट बघत असतानाच आवळायचा सराव सुरू कर. अश्विनी मुद्रा त्याला कदाचित ऐकून माहीत असेल. श्वास न रोखता, मांड्या-कुल्ले न आवळता, फक्त गुदमार्ग आत ओढायचा, मनात थोडं मोजायचं, सोडायचा, तेवढाच वेळ ढिला ठेवायचा. बरोबर करतोय की नाही हे एकदा तपासून सांग, कारण बरेच लोक उलटे कुंथतात.

आणि पिशवी बंद झाल्यावर काय होतं ते त्याला आधीच सांगून ठेव. गुदाशयाची साठवायची जागा गेलेली असते. दिवसातून अनेकदा जावं लागतं, एकदा सुरू झालं की लागोपाठ, आणि कळ आली म्हणजे आलीच. वर्ष-दीड वर्षात बरंचसं बसतं, पूर्ववत होतंच असं नाही. परभणीला एसटीने जायचं असेल त्या सकाळी लोपेरामाईडची गोळी चालते, पण ती किती आणि कशी हे सर्जनला विचारून. घरी संडास आहे का ते नक्की विचार. रात्री चार वेळा उठणारा माणूस बॅटरी घेऊन रानात जाऊ शकत नाही. नसेल तर स्वच्छ भारतच्या १२,००० रुपयांच्या अनुदानाचा अर्ज ग्रामपंचायतीत ऑपरेशनच्या आधीच टाकायला लाव, म्हणजे तो पिशवी घेऊन गावी येईपर्यंत भांडं बसलेलं असेल.